चंद्री पान्हवत नाही

यशवंतराव गेले आणि पुनावळ्याच्या त्या घरात दोघींचा संप सुरू झाला. एक त्यांची म्हैस चंद्री. ती पान्हा सोडीना. दुसरी त्यांची बायको शालनबाई. त्या तोंड उघडीनात.

आता शालनबाई आणि गप्प? अहो, नवऱ्याला बोलल्याशिवाय बाईंचा एक दिवस गेला नव्हता! पहाटे यशवंतराव गोठ्यात धार काढायला बसले, की ह्यांची चुलीपासून सरबत्ती सुरू. "आवं, चा गार हुतोय! म्हशीच्या कानात पोथी वाचताय का?" म्हातारा हूं की चूं करायचा नाही. पण तिरडी उचलायच्या आधीच नणंद आक्काबाईनं बजावलं, "वैनी, जलमभर माझ्या भावाला तोडून बोललीस. आता एक वाकडा शबूद काडू नगंस. देवमाणूस व्हता त्यो." बाईंनी ओठ मिटले ते मिटलेच.

दहाव्यापर्यंत माणसांची रीघ लागली होती. जो येई तो तेच गाणं लावी. धाकट्या भावांची लग्नं यशवंतरावांनी केली. लढाईच्या साली देहूरोडच्या लष्करी डेपोत दिवसभर पोती वाहिली आणि घरी येऊन रानात राबले. म्हातारपणीही कुणाचा वासा चढवायचा असो की विहिरीतला गाळ काढायचा, यशवंतराव सगळ्यांच्या पुढं. शालनबाई मान डोलवत होत्या आणि आतून नुसत्या धुमसत होत्या. देवमाणूस म्हणे! त्या देवमाणसाच्या टाचांच्या भेगांत रात्री मेण कोण भरत होतं, ते विचारा की कुणीतरी!

चंद्रीची तऱ्हा वेगळीच. तिचं रेडकू उन्हाळ्यात मेलं, तेव्हापासून ती फक्त यशवंतरावांच्या हाताला दूध द्यायची. आता मुलगा सयाजी बसला की लाथ, सून बसली की लाथ. ओढून ताणून शेरभर निघायचं. कास दगडासारखी झाली होती.

सयाजी पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर जायचा. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खायच्या आणि घरी म्हशीच्या लाथा! त्याचं डोकं फिरलं. त्यानं गुरांचा दलाल बबनराव ह्याला बोलावून घेतलं. बबनरावानं कास चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

"तेरावा झाला की चाकणच्या बाजारात न्हेऊ. पन खरं सांगतो, आटत चाललेली म्हस घरी बांधायला कुनी घ्यायचं न्हाई. खाटकाकडं जायाची."

शालनबाई झटक्यात पुढं झाल्या. चंद्रीला यशवंतरावांनी वितभराची असल्यापासून वाढवलेलं. म्हाताऱ्यानं मायेनं हात फिरवलेली ती शेवटची जितीजागती वस्तू. पण बोलायची चोरी ना!

"एक करून बघ," बबनराव म्हणाला, "म्हाताऱ्याचं कापड अंगावर घिऊन बस. वासानं फसतंय जनावर."

कापडं तर दहाव्याला देऊन झाली होती. गोठ्याच्या खुंटीला तेवढं घोंगडं राहिलं होतं. सयाजी ते पांघरून बसला. चंद्रीनं हुंगलं, कान हलवले. सगळे टक लावून बघत राहिले. आणि हाणली की तिनं लाथ! चरवी तिकडं, सयाजी शेणात.

"आत्ताच न्या हिला, बबनराव!" सयाजी कडाडला आणि त्यानं दावं सोडलं.

तिथं शालनबाईंचा बांध फुटला. त्यांनी लेकाला बाजूला ढकललं, चरवी उचलली आणि स्वतः कासेला बसल्या. म्हशीवर नाही, गेलेल्यावर तोफ सुटली.

"आवं, मानूस हाय का कोन तुमी? साऱ्या गावाचं वझं उचललं, आन घरात कुनाला म्हशीला हात लावू दिला न्हाई! 'ऱ्हाऊ दे, मी हाय की!' म्हनं! आता कुटं हाय? भावांची लगीनं थाटात केली, मला दोन लुगड्यांवर ठिवली! तापानं फनफनला व्हता, दवाखान्यात चला म्हनलं, तर म्हनं उद्या! दुसऱ्याच्या हिरीत उतरायला उद्या न्हवतं व्हय तुमाला?"

"वैनी, अगं तेरावा तरी हू दे!" आक्काबाई तोंडाला पदर लावून धावली. आणि जागीच थांबली.

चरवीत धार वाजत होती.

"आगं बया," आक्काबाई पुटपुटली. "रोज ह्येच ऐकत पान्हवायची की ती!"

ते ऐकून शालनबाई चपापून थांबल्या. धारही थांबली. सयाजीनं हातातलं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. त्यानं आईपुढं हात जोडले.

"आये, बोल. थांबू नगंस, बोल!"

पण आता बाईंना रागच सापडेना. इतक्या वर्षांच्या संसारातली एक चूक आठवेना. डोळ्यांतलं पाणी कासेवर गळत होतं. शेवटी त्यांनी चंद्रीच्या पोटाला डोकं टेकलं.

"आवं," त्या म्हणाल्या, "चा गार हुतोय. या की लवकर."

चंद्रीनं पुन्हा पान्हा सोडला.