तिसरी चिठ्ठी

मित्रांनो, तुमच्या शाळेत कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर माझी एखादी बहीण टांगलेली असेल. वर चिंचोळी फट, खाली कुलूप आणि पुढे ‘सूचना व तक्रारी’ अशी अक्षरे. तुम्ही रोज तिच्यासमोरून जात असाल आणि तुमचे तिच्याकडे लक्षही जात नसेल. मी तिच्याच जातीची, वयाने मात्र बरीच मोठी अशी एक लाकडी सूचनापेटी आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या डोंगराळ भागात ऑल्डरमिअर नावाची निवासी शाळा आहे. माझे सारे आयुष्य तिथेच गेले.

१९७४ साली शाळेतल्या सुतारकामाच्या शिक्षकांनी, लिंडक्विस्ट सरांनी, मला घडवले. वसतिगृहाच्या दारांसाठी आणलेल्या सीडर लाकडाच्या फळ्यांतल्या चार उरल्या होत्या, त्या त्यांनी माझ्यासाठी घेतल्या. मुलांच्या बोटांत कुसळ जाऊ नये म्हणून माझी फट त्यांनी दोन दिवस पॉलिशपेपरने घासली. मग मला भोजनगृहाच्या बोळात टेलिफोनशेजारी टांगले आणि कुलपाची किल्ली मिसेस हॅथवे यांच्या हाती दिली. विद्यार्थ्यांची देखभाल हे त्यांचे काम होते.

ती किल्ली मिसेस हॅथवे गळ्यातल्या दोरीला अडकवून ठेवत. दर शुक्रवारी जेवण झाले की त्या मला उघडत आणि तिथेच उभ्या राहून एकेक चिठ्ठी वाचत. नंतर वाचू म्हणून एकही चिठ्ठी त्यांनी कधी खिशात घातली नाही. कोणाला घरची आठवण येई, कोणाला गणिताच्या सरांची भीती वाटे, कोणी नुसतेच वाकडे तोंड काढलेले चित्र टाकी. त्या चित्रालाही उत्तर मिळे. तीस वर्षे माझे पोट दर आठवड्याला रिकामे होत असे. मित्रांनो, पेटीला याहून मोठे सुख नसते.

मला मराठी कसे येते, असे तुम्हाला वाटले असेल. ते मला आश्लेषाने शिकवले, तिच्या नकळत. २००१ साली सप्टेंबरमध्ये आश्लेषा देशकर नववीत आली. तिचे बाबा, प्रसाद, मूळचे नागपूरचे. सॉफ्टवेअरच्या कामामुळे ते कधी याच राज्यात रेडमंडला, तर कधी दूर टेक्सासात फ्रिस्कोला असत. मुलीला दर वर्षी नवी शाळा नको म्हणून, शिष्यवृत्ती मिळताच, त्यांनी तिला इथे ठेवले. दर रविवारी ती माझ्याशेजारच्या टेलिफोनवर आईशी बोले. पलीकडचे मला ऐकू येत नसे, पण हिचे बोलणे मी चार वर्षे ऐकले.

“आई, इथे व्हेज म्हणजे फक्त सॅलड आणि उकडलेला बटाटा आहे गं. नाही, उपाशी नाही राहत. तू टेन्शन नको घेऊस.”

त्या पहिल्या रविवारी फोन ठेवून ती थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने वहीचे पान फाडले, दोन ओळी लिहिल्या आणि माझ्यात टाकल्या. शुक्रवारी मिसेस हॅथवेंनी तिला बोलावून विचारले, “तुझ्या घरी रोज काय करतात?” पुढच्या सोमवारपासून भोजनगृहात भात आणि मसुराचे सूप येऊ लागले. सूप पांचट होते, पण पहिल्या दिवशी तिने तीन वाट्या घेतल्या. लिहून टाकले की कोणीतरी वाचते, हे तिच्या मनात त्या दिवशी पक्के बसले.

२००५च्या जूनमध्ये ती शाळा संपवून सिएटलच्या विद्यापीठात गेली. त्याच महिन्यात मिसेस हॅथवे निवृत्त झाल्या. माझी किल्ली त्यांनी एका पाकिटात घालून, वर माझे नाव लिहून, नव्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. हे नवे मुख्याध्यापक, मिस्टर प्रेस्कॉट, हसतमुख गृहस्थ होते. विश्वस्त मंडळाने त्यांना शाळेचे नाव मोठे करायला आणले होते. ते पाकीट त्यांनी कुठल्या तरी खणात टाकले असावे. पहिला शुक्रवार गेला, दुसरा गेला, आणि मग मी शुक्रवार मोजणे सोडून दिले.

त्या सप्टेंबरमध्ये आश्लेषा पुन्हा माझ्यासमोर आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता, अनीश, चौदा वर्षांचा. हडकुळा, लांब पायांचा. धावण्याच्या संघात जायचे हे त्याने आधीच ठरवले होते. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो नागपुरात शिकला होता, तरी बोलताना अर्धे इंग्रजीच येई.

“हे बघ,” ती माझ्यावर टिचकी मारत म्हणाली, “काही प्रॉब्लेम झाला तर इथे लिहून टाक. आईला लगेच फोन नको करत बसूस. तिला उगाच काळजी.”

“हू रीड्स इट?”

“माझ्या वेळी मिसेस हॅथवे वाचायच्या. आता नवीन हेड वाचत असतील. वाचावंच लागतं रे त्यांना.”

मला तेव्हा तिला सांगता आले असते तर! पण पेटीला तोंड म्हणून जी फट असते, ती फक्त घेण्यापुरती.

पहिले वर्ष बरे गेले. अनीश संघात आला. संध्याकाळी चिखलाचे बूट हातात घेऊन तो बोळातून पळे आणि स्वयंपाकघरातल्या बाई त्याला ओरडत. दुसऱ्या वर्षी मंडळाने नवे सभागृह बांधायला घेतले आणि जुन्या वसतिगृहाच्या छताचे काम पुढे ढकलले. शाळेची परिचारिका आठवडाभर आवारातच राहत असे. तिची नेमणूक सोमवार ते शुक्रवार, तीही फक्त सकाळपुरती केली. हे सारे कुठल्या तरी बैठकीत ठरले. त्या बैठकीत बसणाऱ्यांपैकी कोणी वसतिगृहाचा जिना चढल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही.

त्या वर्षी सप्टेंबरपासून हिवाळाभर पाऊस थांबला नाही. अनीशच्या पलंगामागची भिंत ओली झाली, मग तिच्यावर काळी बुरशी चढली. ऑक्टोबरात त्याने मला पहिली चिठ्ठी दिली, नीटनेटकी, इंग्रजीत, नाव आणि खोलीचा क्रमांक घालून. डिसेंबरमध्ये दुसरी. तोवर त्याचा खोकला मी दुरूनच ओळखू लागले होते. फोनवर तो आश्लेषाशी बोलायचा तेव्हा मध्येच थांबून श्वास घ्यायचा.

“हो, टाकली चिठ्ठी. हो ताई, दोनदा. नाही, कफ आहे थोडा. इट्स फाइन.”

जानेवारीत त्याने तिसरी चिठ्ठी टाकली. ती लिहायला त्याला बराच वेळ लागला. भिंतीवर कागद धरून तो एकेक अक्षर आठवून काढत होता. ती माझ्या पोटात पडली तेव्हा मला कळले की ही मराठीत आहे.

मित्रांनो, माझ्या पोटात त्या वेळी चाळिसावर चिठ्ठ्या होत्या. मी लाकडाची, तरी मला त्यांचे ओझे होत असे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी, धावण्याच्या सरावावरून परतताना, अनीश माझ्यापासून दहा पावलांवर बसला आणि मग आडवा झाला. त्याच्या ओठांचा रंग बदलला होता. मुले धावली, शिक्षक धावले. परिचारिकेच्या खोलीला कुलूप होते. गावातून रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटे लागली. ती चाळीस मिनिटे एक तरुण शिक्षक त्याचे डोके मांडीवर घेऊन “श्वास घे, श्वास घे” एवढेच म्हणत राहिला. अनीश वाचला. पण तीन आठवडे इस्पितळात होता, आणि ऑल्डरमिअरला शिकायला परत आला नाही. सिएटलजवळ बेलव्ह्यूला आईबाबांकडे राहून तो सरकारी शाळेत जाऊ लागला. धावणे डॉक्टरांनी बंद केले, ते कायमचेच, असे मुले बोळात बोलत.

मुख्याध्यापकांनी देशकरांना पत्र पाठवले. पत्रात सहानुभूती होती आणि एक वाक्य होते: विद्यार्थ्याने कोणतीही तक्रार शाळेकडे केल्याची नोंद नाही.

आश्लेषाने तेवढे एकच वाक्य धरून ठेवले. तिने जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे लिहिली. तिला शाळा आवडत होती, आणि तेच तिला सर्वांत जास्त खुपत होते. काही जणांनी तिला उलट कळवले की ती शाळेचे नाव खराब करते आहे. पण १९८२ साली इथून बाहेर पडलेला डेव्हिड नावाचा वकील तिच्या बाजूने उभा राहिला, आणि बघता बघता शंभरावर सह्या झाल्या. छत, परिचारिका, मुलांच्या तक्रारी कोण वाचतो आणि मंडळाला कोण जाब विचारतो, एवढेच त्यांनी विचारले होते. मंडळाचे उत्तर दोन ओळींचे आले. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.

मेमध्ये माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. एरवी लोक फोटो काढून, खाऊनपिऊन जात. त्या वर्षी भोजनगृहात मंडळाचे अध्यक्ष, प्रेस्कॉट आणि सत्तर-ऐंशी जुने विद्यार्थी समोरासमोर बसले. दार उघडे होते, मला सारे ऐकू येत होते. बोलणे अर्थात इंग्रजीत चालले होते.

“आमच्याकडे तक्रार आली असती तर आम्ही त्याच दिवशी पावलं उचलली असती,” प्रेस्कॉट म्हणाले.

आश्लेषा उभी राहिली. “तक्रार करायची कुठे असते, सर?”

“आपली सूचनापेटी आहे की. तुम्हाला माहीतच आहे.”

“ती शेवटची कधी उघडली?”

प्रेस्कॉट अध्यक्षांकडे बघत म्हणाले, “ते माझं ऑफिस बघतं.”

“मग किल्ली मागवा. आम्ही थांबतो.”

त्यांची सचिव वीस मिनिटे शोधत होती. किल्ली मिळाली नाही. शेवटी शाळेची दुरुस्तीची कामे करणारे वॉल्टर स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले आणि त्यांनी माझी पाठ उघडली. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. खालच्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या. डेव्हिडने एकेक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गरम पाणी येत नाही. मला इथे कोणी मित्र नाही. शनिवारी ताप आला तर कुठे जायचे? मग अनीशच्या दोन. मग तो एका चिठ्ठीपाशी अडला आणि त्याने ती आश्लेषाकडे दिली.

तिने ती आधी जशी होती तशी वाचली, मराठीत. त्या खोलीत तिच्याशिवाय ते कोणालाच समजत नव्हते. मी बोळात पाठ उघडी पडून होते, मला समजत होते.

“मी तिसऱ्यांदा लिहितोय. बेडमागची भिंत काळी झाली आहे. जिना चढताना मला दोनदा थांबावं लागतं. इंग्लिशमध्ये लिहिलं पण कोणी आलं नाही. ताई म्हणाली होती इथे लिही, म्हणून मी आईला सांगितलं नाही. आता मराठीत लिहून बघतो.”

“काय लिहिलंय?” अध्यक्षांनी विचारले.

आश्लेषाने इंग्रजीत सांगितले. भिंतीचे सांगितले, जिन्याचे सांगितले, कोणी न आल्याचे सांगितले. ताईचे वाक्य तिने गाळले. मग चिठ्ठीची घडी केली आणि ती बसली. एक वयस्क बाई, ज्यांनी पूर्वी आश्लेषाला रागाचे पत्र लिहिले होते, त्या उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या.

पुढे काय झाले, तेही सांगते. त्या उन्हाळ्यात छत दुरुस्त झाले. परिचारिका पुन्हा आठवडाभर राहू लागली. विश्वस्त मंडळात माजी विद्यार्थ्यांना दोन जागा मिळाल्या. मिस्टर प्रेस्कॉट आणखी एक वर्ष राहिले आणि २००८ साली त्यांना निरोपाचा समारंभ करून पाठवण्यात आले. समारंभ नव्या सभागृहात झाला.

त्याच सुमारास एके दिवशी आश्लेषा अनीशला घेऊन आली. त्याला त्याच्या मित्रांना भेटायचे होते. तो उंच झाला होता आणि सावकाश चालत होता. माझ्यासमोर दोघे थांबले.

“मी तुला कुठे पाठवलं रे,” ती म्हणाली. “सॉरी म्हणायलाही मला लाज वाटते.”

तो पूर्ण मराठीत बोलला. “तू दर वेळी विचारायचीस, चिठ्ठी टाकलीस का. मी हो म्हणायचो. मला काय होतंय, हे नाही विचारलंस.”

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघे भोजनगृहात गेले. ती आता मंडळावर आहे. महिन्यातून एकदा येते, मुलांच्या टेबलावर बसून जेवते आणि त्यांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारते. मुले तिला थोडी कंटाळतात.

आणि मी? माझा सन्मान झाला, मित्रांनो. मला नवे पॉलिश करून माजी विद्यार्थ्यांच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवले आहे. खाली पितळी पाटी आहे: ‘विद्यार्थ्यांचा आवाज’. मुले आता तक्रारी संगणकावर लिहितात. त्या कोण वाचते, मला ठाऊक नाही. पाहुणे येतात, पाटी वाचतात, मान हलवतात आणि पुढे जातात. कपाटाला कुलूप आहे.

मित्रांनो, मला तुमच्याकडून पाटी नको, पॉलिश नको. एवढेच मागते. तुमच्यापेक्षा लहान कोणी काही सांगू लागले, तर त्याला माझ्यासारख्या पेटीकडे पाठवून मोकळे होऊ नका. तो खोकत असेल तर खोकला ऐका. त्याच्याबरोबर त्याच्या खोलीपर्यंत जा. आणि तुमच्या शाळेच्या बोळात माझी बहीण असेल, तर आजच कोणाला तरी विचारा, तिची किल्ली कोणाकडे आहे.