वाढीला जागा ठेवणारा टाका

मी धागा बोलतोय. पतंगाचा नाही, उशीच्या अभ्र्याचा तर नाहीच. मी हृदयाच्या शस्त्रक्रियेतला धागा; जांभळा, केसासारखा बारीक, टोकाला कायमची जोडलेली वाकडी सुई. माझा दोष सगळे आधी सांगतात: मी टिकत नाही. काही महिन्यांत अंगातच विरघळून जातो.

कारखान्यातून पाकिटात बंद होऊन आलो आणि शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात पडून राहिलो. शेजारी माझा निळा चुलतभाऊ. तो जन्मभर टिकणारा, म्हणून त्याला भाव फार. शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या मॅडमनी हात पुढे केला की सिस्टर न विचारता त्यालाच द्यायच्या. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग ती आली. जेमतेम महिन्याची पोर, रडायचंही त्राण नसलेली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी जन्मतःच आवळलेली, त्यामुळे पायांकडे रक्त पोचेना. तेवढा भाग कापून दोन टोकं जोडायची होती. कशी जोडायची, यावरून मॅडम आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेले धाकटे डॉक्टर यांची हात धुता धुताच जुंपली.

"एकच धागा गोल फिरवायचा. झटपट होतं, गळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, पोरगी वाढेल आणि निळा धागा तेवढाच राहील. पिशवीची दोरी ओढल्यासारखा आवळेल तो. सुटे टाके घालू या ना."

"त्याला वेळ लागतो. तोवर खालचं रक्त अडवून धरायचं. तिच्या कण्यातल्या मज्जेला तेवढा वेळ रक्ताविना सोसेल का?"

दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. मॅडमनी हातावरचं पाणी निथळू दिलं.

"मागची बाजू सलग, पुढची सुटी," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि जांभळा काढा."

जांभळा म्हणजे मी!

मागची बाजू माझ्या वाट्याला आली. माझं टोक धाकट्या डॉक्टरांच्या हातात होतं, आणि काळजीपोटी त्यांनी मला जरा जास्तच ताणलं.

"अरे, गळा आवळतोस का तिचा? सैल धर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बारीक आकड्यानं मला हलकेच ढिलं केलं. पुढच्या बाजूला माझी भावंडं एकेक गाठ मारून बसली.

रक्त अडवून धरणारे चिमटे काढले. रक्त धावत आलं आणि पुढच्या दोन टाक्यांमधून एक थेंब डोकावला. धाकट्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. मॅडम रागावल्या नाहीत. गॉजची घडी ठेवून त्यांनी बोटानं दाबून धरली. मला मूठ नाही, तरी जीव मुठीत धरून बसलो होतो. घडी उचलली, तर कोरडं!

"पायात ठोके लागतायत!" भूल देणाऱ्या बाई जवळजवळ ओरडल्याच.

घरी नेताना आईनं विचारलं, "आतले टाके काढायला कधी आणू?"

"ते काढायचे नाहीत. आपोआप जातील," धाकटे डॉक्टर म्हणाले.

"आणि मग जोड सुटला तर?"

"तोवर तिचं तिनं शिवून घेतलेलं असेल, ताई."

आता ती पाय असे झाडते की मोजा टिकत नाही. आई लटकी रागावते आणि पुन्हा घालते. परवा तपासणीत जोडाची जागा छान रुंदावलेली दिसली. मी मात्र झिजत चाललोय. तिची वाहिनी वाढते तसा मला ताण बसतो, आणि मी थोडा थोडा सुटत जातो. वाईट वाटतं; लळा लागलाय तिचा. पण धरून ठेवलं, तर तिलाच आवळेन.

मोठी हो, बाळा. माझी आडकाठी नाही.