आपांच्या आयडीवरून

रबराचे सील बनवणाऱ्या त्या कंपनीत संगणकाचा माणूस एकच होता, अजिनाथ. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कारखाना, चौऱ्याऐंशी संगणक, एक सर्व्हर, आणि सगळ्यांच्या तक्रारी ऐकायला हा एकटा. पिशोरच्या मेंढपाळाचा मुलगा. २०१३च्या दुष्काळात वडील, मुंजाबा, मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरले, त्याच उन्हाळ्यात हा डिप्लोमा संपवून औरंगाबादला आला. मुकुंदवाडीच्या मागं तेव्हा ज्वारी उभी राहायची. आता तिथं घराला घर लागलं होतं, त्यातल्याच एका घरात वरच्या दोन खोल्या त्यानं आणि बायको सत्यशीलेनं भाड्यानं घेतल्या होत्या. नळाला सातव्या दिवशी पाणी यायचं.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा जनरल मॅनेजर खंडेराव साहेबांनी त्याला फोन केला. "लोकांनी घरून काम करायचं. परवापासून."

"साहेब, लोकांकडं लॅपटॉप नाहीत."

"मग डेस्कटॉप पोहोचवा."

त्यानं पोहोचवले. पोलिसांचा पास टेम्पोच्या काचेला चिकटवून त्यानं तीन दिवस घरोघर संगणक वाटले. कुठं टेबल नव्हतं, कुठं प्लगला अर्थिंग नव्हतं, एका ठिकाणी मॉनिटर देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर बसवला. घरून कारखान्याच्या सर्व्हरपर्यंत यायला व्हीपीएन लागतं, म्हणजे चोराला न दिसणारा बंदिस्त रस्ता. त्याचे परवाने होते दहा आणि माणसं होती एकतीस. वाढीव परवाने यायला महिना गेला. तोवर ज्यांना तो रस्ता नव्हता त्यांच्यासाठी अजिनाथनं सर्व्हरचं एक दार सरळ बाहेर उघडलं. तात्पुरतं. परवाने आल्यावर एकेकाला आत घेऊन त्यानं ते बंदही केलं.

पण पंधरा दिवसांचं म्हणून सुरू झालेलं हे घरून काम सोळा महिने चाललं. सकाळी साडेसातला पहिला फोन यायचा. कुणाचा पासवर्ड विसरलेला, कुणाचं नेट गेलेलं, कुणाच्या मुलाची शाळा त्याच संगणकावर भरलेली. एप्रिल २०२१मध्ये सत्यशीलेला करोना झाला. ती आत ऑक्सिजनवर, आणि हा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून स्टोअरच्या माणसाला प्रिंटर जोडायला सांगतोय, असे नऊ दिवस गेले. ती घरी आली. जिना चढताना दोनदा बसली. त्याला तिच्याजवळ बसावंसं वाटलं, पण फोन वाजत होता.

त्याच महिन्यात नजमुन्निसा आपांचे पती मुबारकभाई वारले. आपा कंपनीत बावीस वर्षं. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठला माल कधी जाणार, याचं सगळं नियोजन त्यांच्याकडं. मालकही त्यांना आपाच म्हणायचे. शहागंजच्या मागल्या गल्लीत त्यांचं घर, घरात त्या आणि कॉलेजात शिकणारी मुलगी आमरीन. पती गेल्यावर चार महिने दहा दिवसांची इद्दत असते, बाईनं घराबाहेर पडायचं नाही. एरवी नोकरीच सोडावी लागली असती. पण आता संगणक घरातच होता.

पंधरा दिवसांनी त्यांनी अजिनाथला फोन केला. "भाई, मला काम सुरू करायचंय. रिकामं बसलं की घर खायला उठतं."

त्यानं त्यांचा संगणक फोनवरूनच तपासला. मशीन जुनं, व्हीपीएनची नवी आवृत्ती त्यावर चालेना. नवा लॅपटॉप मागवायचा तर बाजारात मालच नव्हता; दुकानदार म्हणाला, चिपच येत नाहीत, जुलैशिवाय बोलू नका. खरेदीची फाइल खंडेराव साहेबांच्या टेबलावर पडून राहिली. अजिनाथनं सर्व्हरचं ते जुनं दार पुन्हा उघडलं, फक्त आपांसाठी. पासवर्ड त्यानंच टाकून दिला, कंपनीचं नाव आणि पुढं चालू साल. "आठवड्यात बदलू," असं म्हणाला. आठवडा गेला, दुसरा गेला. मग तो ते विसरूनच गेला.

पाच जुलै, सोमवार. सकाळच्या पाळीत पॅकिंगवरून फोन आला की लेबल निघत नाहीत. अजिनाथ सर्व्हरच्या खोलीत गेला. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्यात, उघडायच्या असतील तर पैसे भरा. त्यानं एक फाइल उघडून पाहिली, दुसरी पाहिली. सगळ्यांची नावं बदललेली. रोजची नक्कल ज्या डिस्कवर जायची तीही सर्व्हरलाच जोडलेली होती, तीही गेली. हाती राहिली एकच डिस्क, बारा जूनला त्यानं काढून कपाटात ठेवलेली.

तो खुर्चीवर बसला. बाहेर तीन ट्रक उभे होते, चालक गेटवर विचारत होते. त्याला घाबरायला हवं होतं. पण पहिला विचार आला तो असा, की आता निदान कुणाचा फोन येणार नाही, सगळंच बंद आहे. आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली.

मालकांनी पैसे भरायचे नाहीत असं ठरवलं. पुण्याहून दोन तज्ज्ञ व्हिडिओवर आले आणि दोन दिवस नोंदी तपासत राहिले. बुधवारी दुपारी त्यांनी सांगितलं, "शिरकाव नजमुन्निसा या आयडीवरून झालाय. रविवारी."

खंडेराव साहेब शेजारीच बसले होते. मीटिंग संपल्यावर म्हणाले, "आपांच्या आयडीवरून आलंय ना? मग अहवालात तेवढंच लिहा. मालकांना संध्याकाळी पाठवायचंय."

"साहेब, ते दार..."

"कुठलं दार, कुणी उघडलं, हे मालकांना कळत नाही. कुणाच्या आयडीवरून आलं, हे कळतं. तुम्हाला नोकरी करायचीय ना इथं?"

अजिनाथनं अहवाल लिहिला. एक पान. त्यात खोटं काही नव्हतं. आपांच्या आयडीवरून अनधिकृत प्रवेश झाला, असं एक वाक्य होतं आणि त्याच्या पुढंमागं काही नव्हतं. पाठवून तो घरी गेला. सत्यशीलेनं ताट वाढलं, तो ताटावरच डुलक्या घेऊ लागला.

गुरुवारी त्यानं बारा जूनची डिस्क चढवली. त्यापर्यंतचं सगळं परत आलं. पुढच्या तेवीस दिवसांचं काहीच नव्हतं. कुणाला किती माल द्यायचा ठरलाय, कुठल्या गाडीत काय जाणार, हे त्या दिवसांत फक्त आपांनी भरलेलं होतं. शुक्रवारी सकाळी त्यांना फोन करण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अजिनाथभाई, मी तुमच्याच फोनची वाट बघत होते," आपा म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "स्टोअरमधल्या बाईनं सांगितलं मला. माझ्यामुळं झालं म्हणे."

"आपा..."

"ऐका तर. मी सगळं आठवून कागदावर लिहिलंय. शुक्रवारी एक मेल आला होता, कुरिअरचा. तो मी उघडला. शनिवारी आमरीननं माझ्या मशीनवर तिचा फॉर्म भरला, अर्धा तास. रविवारी मी मशीनला हातसुद्धा लावला नाही, मुबारकमियाँच्या भावाकडचे लोक आले होते. पण मशीन चालूच राहिलं असेल. तसं झालं असेल का? सांगा ना, भाई. दोन रात्री डोळा लागला नाही. बावीस साल काम केलं, कभी एक गाडी चुकू दिली नाही."

अजिनाथ सर्व्हरच्या खोलीत उभा होता. एसीचा आवाज येत होता. आपा कागदावरचं पुढं वाचत होत्या, कुठल्या वेळी काय उघडलं, काय बंद केलं. त्यानं त्यांना मध्येच थांबवलं.

"आपा, तुम्ही काही केलं नाही."

"म्हणजे?"

"तुमच्या मशीनवर व्हीपीएन चालत नव्हतं. म्हणून मी सर्व्हरचं दार बाहेरून उघडं ठेवलं होतं. पासवर्डही मीच टाकला होता, पोरालाही ओळखता येईल असा. ते लोक तिथूनच आले. मेलचा काही संबंध नाही, आमरीनच्या फॉर्मचाही नाही. हे मला सोमवारीच वाटलं होतं. बुधवारी पक्कं कळलं."

"बुधवारी."

"हो."

"आज शुक्रवार आहे, भाई."

तिकडून गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली.

"अब काय पाहिजे तुम्हाला?" आपांनी विचारलं.

"तेवीस दिवसांचं नियोजन गेलंय. जेवढं आठवतं तेवढं..."

"आठवायचं कशाला? थांबा." त्यांनी आत हाक मारली. मग आमरीनचा आवाज आला, चिडलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. "अम्मी, इनकू क्यों देना?" आपा तिला हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मग फोनवर सांगितलं, "मशीन सारखं अटकायचं. भरलेलं उडून जायचं. म्हणून प्रत्येक पानाचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे. ती पाठवतेय."

एकशे अडतीस फोटो आले. काही तिरके, काहींवर ट्यूबलाइटची चमक, एकात कीबोर्डाशेजारी चहाचा कप. जे वाचता येत नव्हतं ते आपा फोनवरून सांगत होत्या, अजिनाथ भरत होता. दुपारी त्यांनी नमाजापुरता फोन ठेवला आणि वीस मिनिटांनी स्वतःच लावला. कामाव्यतिरिक्त एक शब्द त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी साडेसहापर्यंत अठरा दिवस उभे राहिले. बाकीचं गिऱ्हाइकांच्या जुन्या मेलमधून काढता येणार होतं.

घरी जाण्याआधी अजिनाथनं अहवाल पुन्हा लिहिला. या वेळी तीन पानं झाली. दार कधी उघडलं, का उघडलं, पासवर्ड काय होता, लॅपटॉपची फाइल कुठल्या तारखेला कुणाकडं गेली, सगळं. खाली सही केली आणि मालकांना पाठवून दिला. खंडेराव साहेबांना प्रत जोडली.

शनिवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, पण बसा म्हणाले नाहीत.

"फाइलचं लिहायची काय गरज होती?"

"तारीख होती साहेब, म्हणून लिहिली."

"तुम्हाला आज काढत नाही. कारण काढलं तर सोमवारी कारखाना कोण चालू करणार?" त्यांनी एक लिफाफा पुढं सरकवला. ताकीदपत्र होतं. "आणि घरून काम आजपासून बंद. सगळ्यांनी यायचं. आपांनासुद्धा सांगा. सोमवारी हजर, नाहीतर बिनपगारी रजा."

"त्यांचे सहा आठवडे राहिलेत, साहेब. इद्दतीचे. व्हीपीएन चालेल असं मशीन दिलं तर..."

"मशीन, मशीन! परत एक दार उघडणार तुम्ही?"

लिफाफा घेऊन तो बाहेर आला. आपांना सांगायचं कामही त्याच्याच वाट्याला आलं. त्यानं फोन न करता शहागंजला जायचं ठरवलं. इद्दतीतल्या बाईसमोर परक्या पुरुषानं जायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. तो बाहेर ओट्याजवळ उभा राहिला, आपा पडद्याआडून बोलल्या. त्यानं आधी ताकीदपत्राचं सांगितलं, मग अहवालाचं, शेवटी सोमवारचं.

"मी नाही येणार," त्या म्हणाल्या. "बिनपगारी तर बिनपगारी. सहा हफ्ते मुबारकमियाँचे आहेत, ते मी कंपनीला देणार नाही."

"तुम्ही माझ्यावर रागावलात, आपा."

"रागवायलासुद्धा ताकद लागते, भाई." त्या पुढं म्हणाल्या, "दार माझ्यासाठी उघडलं होतं, ते मी विसरणार नाही. पण ते दोन दिवस तुम्ही मला स्वतःलाच चोर समजू दिलं, तेही विसरणार नाही. दोन्ही राहील. आमरीन, भाईंना पाणी दे."

आमरीननं पाणी दिलं. त्याच्याकडं न बघता ग्लास परत नेला.

कारखाना पूर्ण सुरू व्हायला आणखी नऊ दिवस लागले. एकेक संगणक पुसून पुन्हा उभा करायचा, असे चौऱ्याऐंशी. ते झाल्यावर अजिनाथनं सोळा महिन्यांतली पहिली रजा मागितली, दोन दिवसांची. सत्यशीलेला मागं बसवून तो मोटारसायकलनं पिशोरला गेला.

दुपारी जेवण झाल्यावर मुंजाबा मेंढरांच्या वाघरीशी बसले होते. काठ्यांना बांधलेली ती जाळी एका जागी सैल झाली होती, ती ते सुतळीनं आवळत होते. अजिनाथ जाऊन शेजारी टेकला.

"सून म्हणत व्हती, तुमच्या कंपनीत चोरी झाली," मुंजाबा म्हणाले.

"व्हय."

"काय नेलं?"

"नेलं काय नाय, दादा. जागच्या जागी कुलूप घातलं सगळ्याला. म्हणजे असं समजा, मेंढरं वाघरीतच हायेत, पण आपल्याला हात लावता येत नाय."

मुंजाबांनी यावर विचार केला. सुतळीची गाठ दातानं आवळली. "मंग वाघर कुणी उघडी ठिवली व्हती?"

"म्या."

"कशापायी?"

"एका बाईसाठी. तिचा नवरा वारला व्हता, तिला घरून काम करायचं व्हतं. आन् मंग दमून गेलो, ध्यानातच राह्यलं नाय."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. पोराचे डोळे आत गेले होते, गळ्याची हाडं वर आली होती. ते ओरडले नाहीत, समजावलंही नाही. खांद्यावरचं घोंगडं काढून त्यांनी लिंबाच्या सावलीत अंथरलं.

"पड जरा," ते म्हणाले. "मी हाय इथं."

अजिनाथ आडवा झाला. मेंढरं रवंथ करत होती, त्यांचा ओला, उबदार वास येत होता. त्याला वाटलं, आपांना इद्दत संपायच्या आत नवं मशीन मिळेल याचं काहीतरी बघायला हवं, साहेबांना परत विचारायला हवं. कधी, कसं, हे ठरवता ठरवता त्याचा डोळा लागला.