खुर्ची पुढे गेली

मी बोलते ते आई आणि ताई सोडून कुणाला कळत नाही. त्यामुळे लोकांचा असा समज झालाय की मलाही काही कळत नाही. मला तो समज सोयीचा आहे. माझ्यासमोर माणसं अगदी मोकळेपणाने बोलतात.

आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, तशाच बोलल्या. त्या दिवशी चालते काका येणार होते. ज्या मुलांना चालता येत नाही त्यांना चाकाच्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून हा माणूस देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पायी निघाला होता. वाटेतल्या प्रत्येक गावातली मुलं त्यांच्याबरोबर थोडं अंतर चालायची. आमच्याकडून शाळेची आणि शेजारच्या कॉलेजची मुलं नदीवरच्या पुलापर्यंत जाणार होती, आणि सगळ्यांच्या पुढे मी असणार होते. अख्ख्या शाळेत चाकाची खुर्ची असलेली मी एकटीच ना!

आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिने उरलेल्या लाल कापडाची गादी खुर्चीला शिवली. ताईने चाकांना मशीनचं तेल घातलं. मला पूल बघायचा होता. तो चढावर आहे, एवढ्या लांब मला ढकलत न्यायला एरवी कुणाला सवड असते?

सकाळी मोठ्या बाईंनी मला फाटकापाशी न्याहाळलं. माझी मान एका बाजूला पडते, तोंडातून लाळ गळते. त्याला माझा इलाज नाही. बाई शेजारच्या सरांना म्हणाल्या, "लोकांना वाईट वाटायला हवं हो, पण इतकंही नको."

मग त्यांची नजर ताईवर गेली. तिचे डोळे माझेच, नाकही माझंच, फक्त लाळ नाही.

"थोरलीला बसवा," बाई म्हणाल्या. "खुर्ची तीच, घर तेच. त्यात खोटं काय आहे?"

"पण बाई, हिला काल सांगितलंय..." ताई म्हणाली.

"हिला काय कळतंय? आणि तुझं यंदा शाळेचं शेवटचं वर्ष ना?"

ताईने मला वर्गात नेऊन खिडकीजवळच्या बाकावर बसवलं आणि घसरू नये म्हणून स्वतःच्या पट्ट्याने बाकाला बांधलं. "आत्ता येते, चिमणे," म्हणाली. खिडकीतून दिसलं, ती माझ्या लाल गादीवर बसली, फ्रॉक सारखा केला, मागे टेकली आणि हसली. जन्मभर दुसऱ्याची खुर्ची ढकललेल्या पोरीला बसायला मिळालं तर ती हसणारच, हे मला आज समजतं. तेव्हा मला तिचा भयंकर राग आला.

मग सगळी वरात निघाली. ढोल, पिवळ्या टोप्या घातलेली कॉलेजची पोरं, रांगेत शाळेची पिल्लावळ, आणि उन्हाने रापलेले चालते काका. माझी खुर्ची ते स्वतः ढकलत होते. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट.

शिपाईसुद्धा चालायला गेला. शाळेत मी, पंखा आणि एक माशी. माशी माझ्या ओठांवर बसायची, उडायची, पुन्हा बसायची. मी हाका मारल्या. दुपारपर्यंत मी बाकावरच ओली झाले. ओली होते, हे कळतं हो मला, आणि लाजही वाटते.

पुलावर काय झालं ते ताईने नंतर रडत सांगितलं. भाषणं संपता संपेनात. इतका वेळ बसायची सवय नाही, तिच्या पायांना मुंग्या आल्या. कुठे बसलोय याचं भान सुटलं आणि पाय झटकायला ही बया उठून उभी राहिली!

टाळ्यांचा कडकडाट झाला. चालते काका तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून लहान पोरासारखे रडले. आया रडल्या, कॉलेजची पोरं रडली. मोठ्या बाई तर अगदी मनापासून रडल्या, कारण काय होऊन बसलंय ते सगळ्यात आधी त्यांनाच कळलं.

डोळे पुसून काका माईकवर म्हणाले, "पोरी, तुला आता हिची गरज नाही. पुढच्या गावात एखाद्या लेकराला देऊ का तुझी खुर्ची?"

ताईने बाईंकडे बघितलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. ताईने मान हलवली.

ती चालत परत आली. मी तिच्या मागे खुर्ची शोधत होते. पट्टा सोडताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई कामावर खाडा करून शाळेत गेली, मला कडेवर घेऊन, मागोमाग ताई. बाईंनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, बसायची साधी.

"खरं सांगू आपण," बाई म्हणाल्या. "पण लोक विचारतील, फसवलं कुणी? बसलं कोण होतं? उभं कोण राहिलं? तुमची लेक. मग तिला कुठलं कॉलेज दारात उभं करील, सांगा."

"मग हिला नवी तरी मागा."

"मागू ना. जरा विसरू देत लोकांना. एकाच घरासाठी दोन-दोन कशा मागायच्या?"

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि वर हलवायालाच गप्प बस म्हणायचं! आईने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. गरिबाचं भांडण पाण्याच्या ग्लासापर्यंतच जातं.

आम्ही निघालो तेव्हा बाईंनी ताईला दारात थांबवलं. कॉलेजची पोरं शाळेवरून जातात, तिला ओळखतात. "एकदम टुणटुणीत दिसू नकोस," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस जरा लंगडत चाल."

आता रोज सकाळी ताई मला पाठीवर घेऊन शाळेत नेते. गल्लीत ती सरळ चालते, भराभर. कोपऱ्यावर पिवळ्या टोप्या दिसतात. "बघा, कालपर्यंत खुर्चीत होती, आज धाकटीला पाठीवर घेतेय!" कुणी टाळ्या वाजवतं, कुणी फोटो काढतं. मी काहीतरी पुटपुटते तेव्हा त्यांना वाटतं, बाळ खूश झालं. माझ्या गालाला हात लावायला पुढे होतात.

ताई कधीकधी विसरते, सरळच चालत राहते. मग मी तिच्या मानेवर लाळ गाळत, फक्त तिला कळेल असं कानात सांगते, "लंगड."

आणि ती लंगडते.