नत्थुजींच्या पापण्या

अमेरिकेत लढाई पेटल्यापासून अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव रोज चढत होता, आणि नत्थुजी दलालांच्या पापण्या रोज खाली येत होत्या. समोरचा माणूस पाहायला त्यांना मान मागे टाकावी लागे. शेवटी बायकोने, सुभद्राने, अकोल्याहून कुर्बान जर्राहाला, चिरफाड करणाऱ्या वैद्याला, बोलावलं.

वस्तऱ्याला धार लावत तो म्हणाला, "जास्तीची कातडी कापली का झालं. आजच कापू."

"आज नाही!" नत्थुजी भडकले. "भाव रुमालाखाली बोटानं ठरते, पण व्यापारी माह्या डोयात पाहून वयखते, का हा किती खाली येईन. आता त्याईले काहीच दिसत नाही. अशा तेजीत मी डोये उघडून देऊ?"

"बाजारात ठीक हाय," सुभद्रा म्हणाली. "पण अवो, घरी मलेबी दिसत नाहीत तुमचे डोये."

नत्थुजींनी दोन्ही पापण्या बोटांनी वर धरल्या आणि तिच्याकडे रोखून पाहिलं.

"घे, पाहून घे. कुर्बान, हंगाम सरला का ये. तोवर हे डोये हिच्याबिगर कोणाले दिसणार नाहीत."