गौरीचा प्रवेश

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. कंटाळा आला तर माझी चूक.

मी पुंडलिक. कुवेतमधल्या एका विद्यापीठात काचसामानाचं भांडार सांभाळतो. समोरच्या प्रयोगशाळेला दोन वर्षांपूर्वी चेहरा ओळखणारं दार बसवलं. नायजेरियाहून पीएच.डी.ला आलेल्या हफिजाला ते ओळखेना. "चेहरा आढळला नाही," म्हणे. विभागात काळी विद्यार्थिनी ती एकटीच. तिनं बेल वाजवली की आतला कुणीतरी म्हणे, "सफाई? नंतर या."

तिला रोज सकाळी बरोबर आठला मिश्रणाची नोंद घ्यावी लागे. दोनदा ती बाहेरच राहिली आणि प्रयोग वाया गेला. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर विजयकुमार म्हणाले, "आता चुकलं तर टेबल दुसऱ्याला देणार."

"अंकल, मला चेहराच नाही, तर आरशात कोण दिसतं?" तिनं विचारलं.

मी पुष्कळ विचार करून म्हणालो, "चहा?"

गौरी आणायच्या दिवशी मी रजेवर होतो. बायकोसाठी, द्वारकासाठी, पुठ्ठ्यावर गौरीचा मुखवटा रंगवून भांडारात वाळत ठेवला होता, तो न्यायला सकाळी गेलो. नाक घसरलं होतं, एक डोळा मोठा. गौरीचं तोंड जमिनीकडे करू नये, म्हणून छातीशी समोर धरून निघालो. आठला दोन मिनिटं होती. हफिजा दारावर हात आपटत होती. धीर द्यावा म्हणून मी मागे जाऊन उभा राहिलो.

"गुड मॉर्निंग, डॉक्टर विजयकुमार," यंत्र म्हणालं. दार उघडलं.

हफिजा आत धावली. नोंद वेळेवर झाली.

दुपारी आम्हा दोघांना बोलावणं आलं. यंत्राच्या नोंदीत विजयकुमार सात अठ्ठावन्नला आत आले होते, आणि तेव्हा ते तर सुलैबियाच्या ट्रॅफिकमध्ये होते. हफिजानं यंत्राला फसवलं, असा सगळ्यांचा समज. तिला काढणार होते. मी घरी जाऊन द्वारकाकडून मुखवटा मागून आणला आणि सगळ्यांदेखत दारासमोर धरला.

"गुड मॉर्निंग, डॉक्टर विजयकुमार."

"माझं नाक असं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मग मला म्हणाले, "तुमच्यामुळे उघडलं असेल. मुखवटा बाजूला ठेवा, तुम्ही उभे राहा."

मी उभा राहिलो. "चेहरा आढळला नाही."

"मग दोन वर्षं तुम्ही आत कसे येता?"

"मागच्या, सामानाच्या दारानं, सर. म्हटलं, माझ्याच चेहऱ्यात काहीतरी कमी असेल. उगाच कशाला तक्रार?"

हफिजा हसत हसत खाली बसली. "अंकल! दोन वर्षं! आणि मला वाटत होतं, मी एकटीच!"

संध्याकाळपर्यंत यंत्र निघालं. दाराला साधं कुलूप आलं, एक किल्ली हफिजाला, एक मला.

दुसऱ्या दिवशी ती खैतानला आमच्या घरी गौरीच्या जेवणाला आली. द्वारकानं तिला माझ्याशेजारी पान वाढलं. हफिजानं आधी गौरीपुढे वाकून अदबीनं म्हटलं,

"गुड मॉर्निंग, डॉक्टर."