फ्लॉपीतली साखर

गडब गावाला हायवेच्या कडेला, सायकलच्या दुकानामागे एक खोली होती आणि तिच्या दारावर पाटी होती, ‘सर्वांसाठी विनामूल्य संगणक सेवा’. लोक पाटी वाचत आणि पुढे जात. फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, पण आमच्याकडे फुकटाचा आधी संशय येतो. आज देताहेत, उद्या काय मागतील?

खोली पेणच्या एका सेवा मंडळाने भाड्याने घेतलेली. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला एक संगणक आणि करकरणारा प्रिंटर मंडळाने मागून आणला होता, गोरगरिबांचे अर्ज टाइप करून द्यावेत म्हणून. सांभाळायला माणूस हवा होता आणि पगार नव्हता. असा माणूस गावात एकच निघाला, महिपती म्हात्रे.

महिपती नागोठण्याच्या कंपनीतून नुकताच निवृत्त झालेला. सगळी उमर कंट्रोल रूममध्ये काटे बघण्यात गेली. बायको, शांती, निवृत्तीच्या आदल्या पावसाळ्यात वारली. मूलबाळ नव्हतं. घरात सकाळी भांडं पडलं तर त्याचा आवाज संध्याकाळपर्यंत कानात राहायचा, कारण त्याच्यावर दुसरा आवाज करायला कोणी नव्हतं. समाजसेवा म्हणून मंडळाचं काम घेतलं, असं तो सगळ्यांना सांगे. साफ खोटं. कोणीतरी दारात येईल आणि ‘आहात का?’ म्हणेल, एवढ्यासाठी तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून त्या यंत्रासमोर बसायचा.

गावावर त्याचा राग होता. शांती गेली तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला चूल पेटवू दिली नव्हती. शेजारच्या धोंडुबाईकडून भात-आमटी, समोरून भाकऱ्या, कोणाकडून पेजेचा टोप. आणि मग एकाएकी सगळं थंड. कोणी दारात डोकावेना. तेरावं झालं, माणुसकी संपली, असं तो मनाशी म्हणे. धोंडुबाईच्या आणि त्याच्या घरामध्ये एकच भिंत. तिचा नवरा केरू खोकला तरी इकडे ऐकू यायचं. पण रस्त्यात ती दिसली की महिपती मान वळवी. शिफ्टच्या माणसाला तसाही शेजार नसतो. जग जेवायला बसतं तेव्हा तो कामावर निघतो. शेजार होता तो शांतीचा.

खोलीवर खरोखरच कामाचं असं पहिलं माणूस आलं ते खाडीकाठच्या वस्तीतून. सगुणाबाई, मिठागरात राबून पावलं रापलेली, आवाज भांडणातला. वस्तीला नळ हवा होता. हाताने लिहिलेले अर्ज कचेरीत जात आणि तिथेच मुरत.

“छापून देता म्हनं तुमी?” तिने दारातूनच विचारलं. “नि पैसं नाय?”

“नाही. फुकट.”

“का?”

महिपतीने खुर्ची पुढे सरकवली. “बसा तरी,” तो म्हणाला.

ती बसली आणि मग येतच राहिली. आधी अर्ज, मग अर्जाचं स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. तो टाइप करायचा आणि ती मिठाचा भाव, सुनेचा तोरा, फुटलेला बांध असं काहीबाही सांगत राहायची. निघताना एकदा तिने सहज विचारलं, “जेवलात का, दादा?” हे महिपतीला शांतीनंतर कोणी विचारलंच नव्हतं.

ज्याचं काम त्याची फ्लॉपी त्याच्याजवळ, काम झालं की परत, असा मंडळाचा नियम होता. ते काळं चपटं प्रकरण हातात देताना महिपतीने सोपं करून सांगितलं, “ही डबी समजा. तुमचा मजकूर हिच्यात राहतो. जपून ठेवा.” यंत्रातला माणूस सोपं करून सांगायला गेला की घोटाळा ठरलेलाच.

श्रावणात वस्तीला नळ आला. कचेरी कुठल्या स्मरणपत्राला कंटाळली देव जाणे. सगुणाबाई टेम्पो रस्त्यात उभा ठेवून धावत आली, पदराच्या गाठीतून फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. “पानी आलं, दादा! ही घ्या तुमची डबी,” म्हणाली आणि गेलीसुद्धा.

महिपती हसतच यंत्राकडे वळला. आतला मजकूर पुसून फ्लॉपी दुसऱ्याला द्यावी म्हणून त्याने ती आत सरकवली. आतून दाताखाली खडा यावा तसा आवाज आला आणि यंत्र गप्प झालं. फ्लॉपी बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी खोली उघडून बघतो तर टेबलावरून मुंग्यांची रांग थेट संगणकाच्या फटीत शिरलेली. पकडीने ओढून त्याने फ्लॉपी काढली. पत्र्याच्या झापडीखाली साखर होती, ओल्या हवेने पाघळलेली.

त्याला वाटलं, कोणीतरी मुद्दाम केलं. एकटा माणूस फार लवकर असल्या निष्कर्षाला येतो. सगुणाबाई पुढच्या खेपेला नुसती भेटायला म्हणून आली, तेव्हा तो तिच्यावर उखडलाच.

“ही साखर तुम्ही घातलीत?”

“व्हय,” ती कौतुकाने म्हणाली. “चिमूटभरच मावली बघा.”

“अहो, यंत्राचं वाटोळं झालं! कोणी घालतं का यात साखर?”

तिचा चेहरा पडला. “डबी म्हनालात ना तुमी? मंग दुसऱ्याची डबी रिकामी कशी देऊ?”

“दिली असती तर काय बिघडलं असतं?”

सगुणाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. “काय बिघडलं असतं? दादा, भांडं रिकामं परत दिलं म्हंजे तुमचं-आमचं सपलं. पुन्यांदा आमच्या दारी येऊ नका, असं तोंडावर सांगितलं. काय नसलं तं साखरंचा दाना टाकावा. हे तुमाला घरातून कोनी सांगितलं नाय?”

महिपती खुर्चीत बसला.

घरातून सांगणारीच गेली होती. सुतक संपल्यावर त्याने शेजाऱ्यांचे टोप, डबे, ताटल्या एकेक करून घासल्या होत्या, कंपनीतली हत्यारं पुसावीत तशा लख्ख. मग घरोघरी जाऊन पोचत्या केल्या, रिकाम्या. धोंडुबाईला तर वर म्हणालाही होता, “बघून घ्या, वहिनी, कुठं डाग नाही.” तिने टोपात पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि टोप घेऊन आत गेली. आपल्या स्वच्छतेचं तिला कौतुक वाटलं असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. सगळ्या आळीला त्याने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं होतं आणि वर रुसूनही तोच बसला होता.

त्याच आठवड्यात मंडळाचा चिटणीस आदर्श पेणहून आला. भला मुलगा. त्याने संगणक उघडला, मेलेल्या मुंग्या झटकल्या आणि बोट चाटून बघितलं.

“काका, साखर?”

सगुणाबाईचं नाव महिपतीच्या ओठांवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर खोली कदाचित राहिलीही असती. नाही म्हटलं तरी चूक त्याची नव्हती. पण उद्या मंडळाने पाटीखाली ‘अडाण्यांनी यंत्राला हात लावू नये’ असं लिहिलं असतं.

“माझ्याच चहाची,” तो म्हणाला. “सांडली.”

आदर्श थोडा वेळ वायरी गुंडाळत राहिला. “दुरुस्त होईल, काका. पण परत इथे आणणं कठीण आहे. रोह्याहून मागणी आहे, तिथे लोक वाट बघताहेत. इथे तशीही फारशी माणसं येत नाहीत. आणि रोजची ये-जा तुम्हाला झेपणारही नाही.”

संगणक जीपमध्ये चढला. पाटी उतरवली. महिपतीने खोलीची किल्ली सायकलवाल्याकडे दिली आणि घरी आला. आता उद्या शर्टाला इस्त्री करायचं कारण नव्हतं. त्याला रडू आलं नाही, नुसती भीती वाटली. उरलेले दिवस असेच जाणार, भिंतीपलीकडचं खोकणं ऐकत.

चहाला आधण ठेवायला म्हणून त्याने फडताळ उघडलं. मागच्या बाजूला, शांतीच्या पापडाच्या डब्याआड एक पितळी डबा होता. झाकणावर नाव कोरलेलं, ‘सौ. धोंडुबाई केरू पाटील’. परत करायचा राहून गेलेला. महिपतीने चहाचं भांडं बाजूला सारलं.

मग त्याने वाल भिजत घातले. बिरडं करायचं तर वालांना मोड येऊ द्यावे लागतात आणि एकेक दाणा सोलावा लागतो. शांती सोलायला बसली की चार बायका ओट्यावर येऊन बसत, हात चालत आणि तोंडंही. महिपती एकटाच बसून सोलत राहिला. बोटं सुरकुतली. निम्मे दाणे फुटले, पुष्कळांची सालं तशीच राहिली. मीठ किती घालावं हेही कोणाला विचारायची सोय नव्हती.

तिन्हीसांजेला तो डबा घेऊन शेजारच्या ओट्यावर चढला. दार धोंडुबाईनेच उघडलं.

“तुमचा डबा, वहिनी. राहून गेला होता.”

तिने डबा घेतला. हाताला वजन लागलं तशी ती थबकली. झाकण उघडलं नाही. ती आत वळली. दार लोटलं गेलं.

तो घरी येऊन अंधारात बसला. झालं ते झालं. त्या रिकाम्या भांड्यांची तूट काही एका डब्याने भरून निघत नाही, असं स्वतःला समजावत राहिला.

भिंतीपलीकडे ताटं मांडल्याचा आवाज झाला. मग केरूचा खोकला आणि त्याचाच आवाज, “बिरडं कुनाकडचं?”

“महिपतीभावजींचं.”

महिपती भिंतीजवळ सरकला.

“मीठ लय हाय,” केरू म्हणाला.

“असू दे. गप जेव.” आणि मग धोंडुबाईचा आवाज चढला, भिंतीलाच सांगितल्यासारखा, “एकटा मानूस सोलनार किती? निम्मी सालं तशीच हायेत. पुढल्या खेपंला वाल भिजवले की हिकडं घेऊन यावं म्हनावं.”

महिपतीने डोळे पुसले, दिवा लावला आणि उरलेले वाल भिजत घातले.